जीवरामचा वाटा

कानबाईच्या रोटांचं गणित खानदेशात कुणाला शिकवावं लागत नाही. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी घरात बसते. त्याआधी घरातली मोठी बाई सूप पुढ्यात ओढते, घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेते आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजते. तान्ह्या पोराचीही मूठ निघते आणि पोटासाठी सुरतेला गेलेल्याचीही. ते गहू दळायचे, त्याचे रोट करायचे आणि ते भाऊबंदांनीच खायचे. परक्याला घास द्यायचा नाही आणि मागे तुकडा उरवायचा नाही. नाव घेऊन काढलेला दाणा पुन्हा पोत्यात जात नाही.

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला, केळी-कापसाच्या एका गावात तानुबाईनं १९८३ सालच्या श्रावणात ह्या गणितात चूक केली. नवऱ्याचं नाव बाई घेत नाही, म्हणून "घरधनी" म्हणत तिनं उखर्डूआबांची मूठ काढली. मग दीर पुना, पुतण्या भटू. मग तोंडाच्या सवयीनं "जीवराम" म्हणाली, मूठ सुपात सोडली, आणि तिचा हात तसाच अधांतरी राहिला. जीवराम, तिचा थोरला, जाऊन दोन वर्षं होत आली होती. मागच्या श्रावणात दुखवट्यामुळे घरात कानबाई बसलीच नव्हती, त्यामुळे जिभेला त्याचं नाव वगळायची सवय लागलीच नव्हती.

सुपाभोवतीच्या बायकांनी सुपात डोकावलं. दाणे दाण्यांत मिसळले होते, आता कुठले कुणाचे ते कानबाईलाच ठाऊक. शेवटी ताईबाई फुई, म्हणजे आबांची थोरली बहीण, बोलली. त्या घरात तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "नाव लिसन मूठ काढी. आते रोट तं करना पडी."

"खाई कोन?" तानुबाईनं विचारलं.

"धाकला खाई. भाऊना वाटा भाऊले."

धाकला म्हणजे हिलाल. वय असेल सतरा. नववीत शाळा सुटलेला, तोंडावरची माशी न हाकलणारा पोरगा. गावाला आवडायचा तो जीवराम. उमदा, बोलका, बैलाच्या शिंगाला धरून हसणारा. दोन भाऊ रस्त्यानं निघाले तर लोक एकालाच रामराम करायचे. हिलालचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं, कारण त्यालाही जीवरामच आवडायचा.

जीवराम मेला तो कापसावर औषध फवारताना. वाऱ्याच्या तोंडाला उभा होता, अंगावर सदरा नव्हता. दुपारी बांधावर येऊन बसला, तोंडाला फेस आला, अंग थडथडायला लागलं. घरच्यांना वाटलं, शिवारातलं काही लागलं. त्याला आधी भगताच्या अंगणात नेलं. लिंबू झालं, कोंबडं झालं, आणि मग कुणाला तरी चोपड्याचा दवाखाना आठवला. बैलगाडीत जीवरामचं डोकं हिलालच्या मांडीवर होतं. छातीतून घुरघुर आवाज येत होता, नळात पाणी अडकल्यासारखा. हिलालचे दोन्ही हात रिकामे होते. त्या हातांनी काय करावं, भावाला कुशीवर वळवावं की तोंड पुसावं, हे त्याला कळत नव्हतं. दवाखान्याच्या फाटकाआधीच घुरघुर थांबली. हिलालच्या मनात त्या गाडीत एक गोष्ट बसली आणि पुन्हा उठली नाही: ह्या हातांना काय करायचं ते कळलं पाहिजे. पोरं मोठेपणी काय काय व्हायची स्वप्नं पाहतात, ह्याचं स्वप्न एवढंच होतं.

तर त्या रविवारी हिलालनं भावाचा वाटा खाल्ला. सगळं घर त्याच्या तोंडाकडे बघत होतं. आणि खाता खाता त्याचा हात ताटातल्या हिरव्या मिरचीकडे गेला. हिलाल कच्ची मिरची कधी खायचा नाही. जीवराम खायचा, कचाकचा. अख्खं घर डोळे लावून बसलं तर पोर मिरची खाईल नाही तर काय करील, असं शहाण्यानं म्हणावं. पण शहाणा त्या पंगतीत नव्हता. तानुबाईनं पदर तोंडाशी नेला आणि म्हणाली, "ऊना. मना जीवराम ऊना."

दोन वर्षं ती बाई रडत होती, ती त्या दिवशी, थोरला परत आला म्हणून, रडायची थांबली. आता हे घराला नको होतं असं कोण म्हणेल?

पुढे एकेक घडत गेलं. चांद्या नावाचा बैल जीवराम गेल्यापासून कुणाला जू लावू देत नव्हता, तो हिलालच्या आवाजाला वळायला लागला. हिलाल झोपेत शीळ घालतो, असं आबा म्हणू लागले. हिलालला स्वतःला काय जाणवायचं? डोळे मिटले की फवारणीच्या औषधाचा वास यायचा आणि आपल्या श्वासाच्या पाठीमागे दुसरी एक घुरघुर ऐकू यायची, अगदी शेजारी, उशाला. तो डोळे उघडायचा, तर कुणी नसायचं. त्याला भीती वाटायची ती भावाची नाही. आपण उरलो आहोत की नाही, ह्याची.

दुसऱ्या वर्षी त्याला मुदतीचा ताप भरला. पुन्हा तेच अंगण आणि तोच भगत. "कोन शे तू?" भगतानं विचारलं, आणि तापातला पोरगा म्हणे स्पष्ट बोलला, "जीवराम." हिलालला ते आठवत नव्हतं. पण ऐकणारे दहा जण होते. तानुबाईनं पोराच्या पायावर डोकं ठेवलं.

धुळ्याहून मामा रतिलाल भाच्याला बघायला आला होता. तो मोटारस्टँडवर हमाली करणारा माणूस, देवाधर्माच्या वादात न पडणारा. त्यानं बहिणीला सांगितलं, "पोऱ्या जीवराम ऱ्हावो का हिलाल, मरी गया तं दोन्ही जातीन," आणि पोराला उचलून धुळ्याच्या मिशन दवाखान्यात नेलं.

तिथं एक ठेंगणी, काळीसावळी नर्स आली. नवापूरकडची, रूथ पाडवी. सारे तिला रूथ सिस्टर म्हणत. आवाज असा की वॉर्डातल्या माश्यासुद्धा शिस्तीत बसाव्यात. तिनं विचारलं, "नाव काय रे तुझं?"  हिलालला खरंच ते सांगता येईना. मामानं मागून सांगितलं, "हिलाल."

"हिलाल, तोंड उघड," ती म्हणाली.

त्या दवाखान्यात जीवरामला कुणी पाहिलं नव्हतं. हिलाल, पेज पी. हिलाल, कुशीवर हो. हिलाल, आज ताप नाही. दिवसभर त्याला त्याच्याच नावानं हाका. एके सकाळी तो ते ऐकता ऐकता रडायला लागला, तर रूथ सिस्टरला वाटलं सुई दुखली.

बरा झाल्यावर तो घरी गेला नाही. वॉर्ड झाडायचं काम द्या म्हणाला. मामा चिडला, तेव्हा हिलालनं पहिल्यांदा मोठ्या आवाजात सांगितलं, "माले नर्स व्हणं शे." मामा हसला. नर्स म्हणजे बाया, हे त्याला पक्कं माहीत होतं. रूथ सिस्टर हसली नाही. तिनं त्याच्या हातात बेडपॅन दिलं.

वॉर्डात सकाळी प्रार्थना व्हायची, ढोलकीवर भजनासारखी गीतं म्हणायचे. हिलाल दाराशी बसायचा. बसायला कुणी सांगितलं नव्हतं आणि ऊठ असंही कुणी म्हणत नव्हतं. एकदा त्यानं रूथ सिस्टरला आपली सगळी हकिकत सांगितली, मुठीपासून घुरघुरीपर्यंत. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भूत काढायचं काम भगताचं. आमच्याकडे आधी लादी पुसायची असते. ती पूस, मग प्रार्थना करू." आणि खरंच, लादी पुसून झाल्यावर ती त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. प्रभू माणसाला नाव घेऊन हाक मारतो, असं तिनं सांगितलं. मेलेल्यालाही त्यानं नाव घेऊनच बाहेर बोलावलं होतं.

हिलालनं विचारलं, "आणि त्यानं हिलाल म्हटलं, आणि माझ्या आतून दुसऱ्यानंच ओ दिली तर?"

रूथ सिस्टरनं फडकं बादलीत पिळलं.  ती म्हणाली, "मग आपण रोज विचारत राहू."

तो रोज विचारत राहिला. प्रार्थनेला डोळे मिटायचा, की तोच वास, तीच घुरघुर. इतर लोक प्रार्थनेनंतर हलके होऊन उठत, हा घामानं भिजून उठायचा. तरी बसायचा. "प्रभू, त्याला तुझ्याजवळ घे, आणि मला मी कोण ते सांग," एवढंच त्याचं मागणं. विश्वास विश्वास म्हणतात तो काही त्याला झऱ्यासारखा फुटला नाही. विहिरीचा टणक खडक फोडावा तसा त्यानं तो खणून काढला, आणि बराच काळ पाणी लागलं नाही.

पुढे पांझरेच्या पात्रात त्यानं बाप्तिस्मा घेतला. पाळकसाहेबांनी विचारलं, नवीन नाव काय ठेवू? शमुवेल ठेवू का? तो घाईनं म्हणाला, "नाव नका बदलू साहेब. हेच मला आत्ता कुठं मिळालंय."

घरी बातमी मामानं नेली. आबांनी ताट सारलं आणि उठले. दुःख कुणालाही झालंच असतं. आपलं पोर पंगतीतून उठून गेलं की बापाच्या घशाखाली घास कसा उतरेल? पण तानुबाई जे बोलली, ते मामानं नको असताना हिलालला येऊन सांगितलं. ती म्हणाली, "हिलालमा इतली हिंमत कोठे? धरम बदला तो जीवरामनी."

पुढच्या श्रावणात घरात हिलालच्या नावाची मूठ निघाली नाही. जीवरामच्या नावाची निघाली. तो वाटा कुणी खाल्ला, हे मामानं सांगितलं नाही आणि हिलालनंही विचारलं नाही.

मग सुरू झाली ती वर्षं सांगायला सोपी आणि काढायला कठीण. सतरा नंबरचा फॉर्म भरून तो बाहेरून दहावीला बसला आणि इंग्रजी-गणितात आपटला. पुन्हा बसला, तर गणित सुटलं, इंग्रजी राहिलं. रूथ सिस्टर जेवणाच्या सुट्टीत त्याच्याकडून स्पेलिंगं घोकून घ्यायची, चुकलं की वाटीवर चमचा आपटायची. बेडपॅन, लादी, स्ट्रेचर ओढणं, मेलेल्याला शेवटची आंघोळ घालणं, जे काम दुसरा टाळी ते ह्याच्याकडे यायचं. हाताला साबणाचे चरे पडले. वॉर्डबॉय मंडळी त्याला "हिलाल सिस्टर" म्हणून चिडवायची, तोही ओ द्यायचा. कुठलंही नाव चालेल, त्याचं स्वतःचं असलं म्हणजे झालं.

दहावी सुटली तेव्हा मामा पेढे घेऊन गावी गेला. परत आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. "काय म्हणाली माय?" हिलालनं विचारलं. मामा बूट सोडत राहिला. शेवटी बोलला, "म्हणे, जीवराम पास व्हयना."

त्या दिवशी हिलालनं प्रार्थना केली नाही. प्रभूवर रुसून तो दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर बसला. मिळवलेलं सगळं जर जीवरामचंच असेल, तर मी कुणासाठी झिजतो आहे? आणि खरी भीती त्याच्याही पलीकडची होती. माय म्हणते ते खरं असेल तर? गाडीत मनात बसलेलं ते स्वप्न, ते तरी माझंच होतं का? की मरता मरता जीवरामनं माझ्या मांडीतून आत ढकललं?  मग वॉर्डातून कुणीतरी "हिलाल, चादर" म्हणून ओरडलं आणि तो चादर बदलायला गेला.

दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात त्याला नर्सिंगच्या शिक्षणाला घेतलं. पोरींच्या घोळक्यात चार पोरं. ते शिक्षणही त्यानं पुरं केलं आणि धुळ्याला परत आला, पांढऱ्या कपड्यात. रूथ सिस्टरचे केस तोवर पांढरे झाले होते. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "कॉलर मळलीय." मग पाठमोरी होऊन डोळे पुसले. ही १९९२ सालची गोष्ट. घरचं कुणी आलं नव्हतं. आणि घुरघुर अजून होती.

पुढच्या वर्षी, भाद्रपदात, दवाखान्याच्या फाटकात एक जीप आली. मागच्या बाकावर चुलत भाऊ भटू आडवा पडला होता, तोंडाला फेस, अंग थडथडतंय. त्याचं डोकं मांडीवर घेऊन तानुबाई बसली होती. फवारताना कोसळला होता. पुनाकाका भगताकडे निघाला, तर म्हाताऱ्या तानुबाईनं गाडीपुढे आडवं होऊन त्याला रोखलं होतं. "धुयाले चाला. तठे मना जीवराम शे, तो वाचाडी." चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात पहिली सुई झाली, आणि तिथूनच जीप पुढे धुळ्याला निघाली.

हिलालनं आईला इतक्या वर्षांनी पाहिलं, पण बघायला वेळ नव्हता. भटूच्या छातीतून तोच आवाज येत होता. ह्या वेळी तो उशाशी नव्हता, समोर होता, दिवसाढवळ्या, आणि त्याला हात लावता येत होता. डॉक्टरांनी सुया सांगितल्या. हिलालनं औषधानं भिजलेले कपडे कापून काढले, अंग साबणानं धुतलं, केस धुतले, नखांत साचलेलं काढलं. भटूला ओकारी झाली ती सगळी त्याच्या छातीवर. तो मागे सरला नाही. एका हातानं त्यानं भटूला कुशीवर वळवलं, दुसऱ्यानं तोंडातला चिकटा काढला, पापणी उघडून बाहुली बघितली, सुई दिली, पुन्हा बघितली, पुन्हा सुई. ओठ हलत होते. प्रार्थना चालली होती, पण डोळे मिटून नाही. मिटायला सवड कुठं होती?

तानुबाई वॉर्डाच्या दाराशी उकिडवी बसली होती. तिला तिथून हलवायची रूथ सिस्टरचीसुद्धा छाती झाली नाही. ती नुसती हिलालच्या हातांकडे बघत होती.

दुपार कलली तशी बाहुली मोठी झाली, फेस आटला, घुरघुर कमी होत होत थांबली. हिलालनं भटूच्या नाकाशी बोट धरलं. गाडीतही ती अशीच थांबली होती. पण भटूची छाती वरखाली होत होती. तो कोरड्या तोंडानं काहीबाही बरळायला लागला, आणि डॉक्टर म्हणाले, "निभावलं."

हिलाल ओकारीनं माखलेला, तसाच आईपुढे येऊन बसला. आता ती काय म्हणणार ते त्याला ठाऊक होतं. जीवरामनं वाचवलं, म्हणेल. म्हणू दे, असं तो मनाशी म्हणाला. भटू जगला. ज्यानं वाचवायचं त्यानं वाचवलं.

तानुबाईनं त्याचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"तू धाकला व्हता," ती हळू बोलली, "तुले हगवण लागनी व्हती. वके, घान करे. मी एकली निस्तारू. जीवराम खळामा पळी गया. चार दिन घर ऊना नही. कोनी वकनं तं त्याले थांबायेच ना. भलता उमदा व्हता मना पोऱ्या, पन आजाराले भ्याये." तिनं त्याची बोटं एकेक करून चाचपली. "हाई त्याना काम नही. तो नही शे तुन्हामा. तू हिलाल शे."

हिलाल ह्याच शब्दांसाठी नऊ वर्षं गुडघ्यांवर बसला होता. आता ते मिळाले, आणि आनंद व्हायच्या आत त्याला आईचं तोंड दिसलं. तिचा चेहरा कोसळत होता. ती हिलालला ओळखत होती, त्याच क्षणी दुसरं कुणीतरी तिच्या हातून सुटत होतं, आणि तिला ते कळत होतं. तिनं दोन्ही हात कपाळावर आपटले आणि हंबरडा फोडला, "मना जीवराम मरी गया रे! मना पोऱ्या मरी गया!"

वॉर्डातले रोगी उठून बसले. कोण गेलं, म्हणून बाहेरच्या बाया धावत आल्या. कुणाला काय सांगायचं?

हिलालनं तिला धरून मागच्या नळाशी नेलं. ती नळाखाली फरशीवर बसली, केस सोडले आणि म्हणाली, "पानी टाक. मयतनं पानी टाक मना डोकावर." लांबवर कुणी वारल्याचं कानी आलं की बाया अशाच बसतात आणि डोक्यावरून पाणी घेतात. आपण आता ख्रिस्ती, असं काही हिलालच्या मनात आलं नाही. त्यानं बादली भरली आणि आईच्या डोक्यावर ओतली. ती थंड पाण्यानं शहारली आणि मोठमोठ्यानं रडत राहिली. त्यानं दुसरी बादली भरली, ती उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली, पांढऱ्या कपड्यांसकट, आणि तिच्या शेजारी बसून भावासाठी रडला.

आता कानाशी ती घुरघुर ऐकू येत नव्हती. नळ तेवढा वाहत होता. रूथ सिस्टर दारात आली, दोघांना भिजलेलं बघितलं आणि हळूच म्हणाली, "हिलाल, भटूच्या सुईची वेळ झाली."

त्यानं आईच्या खांद्यावर कोरडं धडपं टाकलं आणि तो वॉर्डात गेला.